अर्ध्या तासाचे दोन रुपये
(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिका हातात आली तेव्हा मी आधी स्वतःचं नाव शोधलं. सरोवरावर दोघं बोलणार, शिक्षकांच्या आठवणींवर तिघं, गॅदरिंगवर एकजण. आणि माझ्या नावापुढे काय, तर ‘आपल्या काळातले आवडते व्हिडिओ गेम’. ग्रुपवर हा विषय टाकला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी एका सुरात माझं नाव सुचवलं म्हणे. का सुचवलं ते मला माहीत आहे. गेम आमच्या घरी होता.

बाहेरगावच्या सुनांना आणि जावयांना कळावं म्हणून सांगते. १९९६ साली आम्ही नववीत गेलो, त्या वर्षी शाळा बुडवून जायच्या जागा लोणारात दोनच होत्या. एक म्हणजे खाली उतरून सरोवराच्या काठानं कमळजेच्या देवळाकडे, आणि दुसरी म्हणजे आमच्या घरची पुढची खोली. पहिल्या जागी जायला पैसे लागत नसत. दुसऱ्या जागी अर्ध्या तासाचे दोन रुपये पडायचे.

आज मी आठवणीवर विसंबून बोलणार नाही. ग्रुपवर कुठला गेम सगळ्यांत भारी यावर तुमची जी भांडणं चालतात, ती मी गंमतीनं वाचते आणि गप्प बसते. माझ्याकडे पुरावा आहे. दोन वर्षांपूर्वी आई गेली. घर आवरताना शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिन, खडू आणि तुटक्या सुयांच्या खाली एक लांब वही सापडली. पहिल्या पानावर ‘श्री’, आणि पुढे आईच्या अक्षरात रकाने. नाव, गेम, किती वाजता बसला, किती वाजता उठला, पैसे. शेवटचा रकाना उधारीचा. ही बघा वही. घाबरू नका, उधारी वाचून दाखवणार नाही. निदान नावानिशी तरी नाही.

मामानं ते मशीन मुंबईच्या मनीष मार्केटमधून धाकट्या भावासाठी आणलं होतं. त्या वेळी ही मशिनं वेगवेगळ्या नावांनी यायची. कुणाकडे सामुराई, कुणाकडे लिटल मास्टर, कुणाकडे मीडिया. आत मात्र सगळ्यांच्या एकच जीव. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं १५ जुलै १९८३ ला फॅमिली कॉम्प्युटर नावाचा डबा बाजारात आणला, त्याच्या या नकला. म्हणजे आपण लोणारात जे नवलाचं म्हणून बघत होतो ते जपानात तेरा वर्षं जुनं झालं होतं. त्याची कामाची मेमरी फक्त दोन किलोबाईट. तुम्ही रोज सकाळी ग्रुपवर फुलांचा जो फोटो टाकता, त्यातला एक तुकडासुद्धा तिच्यात मावणार नाही. एवढ्याशा जागेत त्या लोकांनी आपलं अख्खं नववीचं वर्ष बसवलं.

आमचा टीव्ही शटरवाला, ब्लॅक अँड व्हाइट. मागून वायर लावायची, बटण फिरवत फिरवत चॅनेल पकडायचं, मुंग्या जाऊन चित्र आलं की सगळ्यांनी ओरडायचं. कॅसेट लागली नाही तर काढून फुंकर मारायची. कॅसेटवर ९९९९९९ इन १ असं छापलेलं असायचं आणि आत निघायचे पंचवीस-तीस गेम. बाकी सगळे तेच, फक्त दुसऱ्या स्टेजपासून सुरू होणारे. तरी आमच्या भावानं पहिल्या आठवड्यात यादी खाली खाली सरकवत नव्याण्णव हजारावा गेम शोधायचा प्रयत्न केला होता.

पैसे घ्यायचं कसं ठरलं, ते तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत नसेल. त्याच वर्षी बाबा स्कूटरवरून पडले. पाय असा मोडला की वर्षभर अंथरुणात. पगार बंद. आई लोकांचे ब्लाऊज शिवायची. तुम्ही पोरं गेम बघायला यायची, आई पाणी द्यायची, कधी चहा. एक दिवस तुमच्यातलाच एकजण जाताना मशीनच्या फळीवर दोनाचं नाणं ठेवून गेला. ‘काकू, लाईटबिल येत असंन ना,’ असं म्हणाला. आईनं ते नाणं संध्याकाळपर्यंत तिथंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला ही वही आखायला लावली. पट्टीनं मारलेले रकाने आहेत, ते माझे.

तर आता वहीप्रमाणे.

पहिल्या दोन महिन्यांची पानं मारिओनं भरलेली आहेत. सुपर मारिओ ब्रदर्स, १९८५ चा गेम. आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार स्टेज, म्हणजे बत्तीस. शिगेरू मियामोतो नावाच्या माणसानं तो बांधला आणि कोजी कोंदो यांनी त्याचं संगीत दिलं. तुम्हाला उड्या आठवत असतील, मला संगीत आठवतं, कारण मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली असायचे. वेळ शंभराच्या खाली गेला की ते संगीत एकदम पळायला लागतं. आईला गेममधलं काही कळत नव्हतं, पण पाय मशीनवर चालू ठेवून ती आतूनच म्हणायची, ‘घाई करा रे, ह्याचं सरत आलं.’ दुसऱ्या स्टेजमध्ये छतावरून चालत गेलं की पाइपांची चोरखोली लागते आणि तिथून थेट चौथ्या वर्ल्डला जाता येतं, हा शोध ज्यानं लावला तो आठ दिवस वर्गात कॉलर वर करून फिरला. नंतर कळलं की त्याला ते मेहकरच्या मावसभावानं सांगितलं होतं.

श्रावण संपेपर्यंत मारिओ मागे पडला आणि टँक आला. त्याचं खरं नाव बॅटल सिटी, नामको कंपनीचा, तोही १९८५ चाच. खाली विटांच्या भिंतीत आपला गरुड आणि वरून येणारे शत्रूचे वीस रणगाडे. टँकवर पोरं का तुटून पडली त्याचं कारण वहीत सरळ दिसतं. दोन रुपयांत दोघं एकाच वेळी खेळायचे. मारिओमध्ये दुसऱ्यानं पहिला मरायची वाट बघायची, इथं दोघांचे पैसे एकदम वसूल. शिवाय आपल्याच जोडीदाराला गोळी मारली की तो थोडा वेळ जागच्या जागी गोठतो. आमच्या पुढच्या खोलीत जेवढ्या मारामाऱ्या झाल्या त्या सगळ्या त्या एका गोळीपायी.

रोड फायटर आमच्याकडे कधी चाललाच नाही. ज्यांच्या घरी कलर टीव्ही होता ते म्हणतील की तोच सगळ्यांत भारी. बरोबर आहे. त्यात पेट्रोल वाढवायचं तर रंगीबेरंगी गाडीला धडकावं लागतं. आमच्या टीव्हीवर सगळ्याच गाड्या करड्या. कुठल्या करड्याला धडकायचं?

बदकांच्या गेमबद्दल मला एक कबुली द्यायची आहे. डक हंटमध्ये बंदूक एकाच्या हातात असते, पण एका बदकाच्या खेळात ते बदक रिमोटवरून हलवता येतं. हे मला माहीत होतं, तुम्हाला नव्हतं. ज्याची उधारी पाच रुपयांच्या वर गेली असेल त्याच्या पाळीला मी मागे पाटावर वही घेऊन बसायचे आणि वहीखाली रिमोट. ते कुत्रं गवतातून वर येऊन हसायचं, आणि तुम्ही बंदूक खराब आहे म्हणायचे. बंदूक चांगली होती. तिच्या तोंडाशी उजेड ओळखणारा एक डोळा असतो. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, तो त्या डोळ्याला दिसला की बदक पडलं. हे फक्त जुन्या काचेच्या टीव्हीवर चालतं, आताच्या एलईडीवर ती बंदूक आंधळी. रिमोटचं पाप मात्र माझं. माफ करा, पण उधारी वसूल झाली.

दिवाळीनंतर कॉन्ट्रा आला आणि मग वहीत दुसरं काही उरलं नाही. कोनामी कंपनीचा, आधी १९८७ साली मोठ्या मशीनवर आणि मग १९८८ साली या डब्यावर. तीन जीव मिळतात आणि ते एका मिनिटात जातात. म्हणून ते कोड. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीस जीव! आपल्या वर्गातल्या पोरांनी मॅट्रिकच्या आधी बी.ए. केलं ते हे. भूमितीच्या वहीच्या मागच्या पानावर प्रमेयाखाली ते लिहिलेलं आमच्या बाईंना सापडलं होतं. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसानं १९८६ साली ग्रॅडियस नावाच्या दुसऱ्या गेमसाठी ते बसवलं. स्वतःला तपासणीसाठी तो गेम खेळायचा होता आणि तो त्याला झेपत नव्हता, म्हणून. २०२० च्या फेब्रुवारीत ते गेले. ती बातमी मी बँकेत काउंटरवर बसून वाचली, आणि समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, मॅडम, काय झालं?

सरांबद्दल बोलायचं राहिलं. सर, तुम्ही हसताय म्हणजे तुम्हाला आठवतंय. एका दुपारी चौथ्या तासाला गणिताच्या वर्गातून पाच पोरं गायब, आणि सर सायकलवरून थेट आमच्या दारात. पोरं मागच्या दारानं पळाली. मी शाळेतच होते, पण आईनं सांगितलेलं सांगते. सरांनी वही मागितली. उभ्या उभ्या चाळली. वेळा बघितल्या. मग त्यांची नजर आतल्या खोलीतल्या खाटेकडे गेली. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘वहिनी, शाळा सुटल्यावरच लावत जा. बाकी मी बघतो.’ आई म्हणाली, बरं. आणि जाताना सरांनी विचारलं की हे असतं तरी काय? भावानं टँक लावून दिला. सर, तुम्ही पहिलीच गोळी झाडली ती आपल्याच गरुडाला. गेम ओव्हर. त्या दिवशीची नोंद वहीत आहे. ‘गणिताचे सर, टँक, १ मिनिट.’ पैशाच्या रकान्यात रेघ.

आता हे सगळं मी हसत सांगते आहे, पण त्या वर्षी मला त्याची लाज वाटायची. वर्गात मला तुम्ही ‘गेमवाली’ म्हणायचे. कुणी वाईट हेतूनं म्हणत नसेल, पण मधल्या सुट्टीत एखादा रुपया माझ्या बाकावर ठेवायचा आणि म्हणायचा, ‘माह्या नावावर लिहून घे वं.’ मी ते नाणं उचलायची नाही. मग बेल व्हायची आणि मला ते उचलावंच लागायचं, कारण संध्याकाळी आई हिशोब मागणार.

मुली आमच्याकडे येत नसत. पोरांनी भरलेल्या खोलीत कोण येणार, आणि आलीच तर घरी काय सांगणार? हे आईच्या लक्षात आलं. तिनं रविवारी दुपारी दोन ते चार फक्त मुलींसाठी ठेवलं. त्या वेळी पुढचं दार लावून घ्यायची. वहीत प्रत्येक रविवारी एक ओळ आहे. ‘मुली’, आणि पैशाच्या रकान्यात शून्य. आठवड्यातले सगळ्यांत चांगले चार रुपये, कधी आठ रुपये, तिनं असे सोडले. त्या वेळी मला राग यायचा. बाबांची औषधं आणायची होती.

मुलींचा आवडता गेम सर्कस. सिंहावर बसून आगीच्या कड्यांतून उड्या मारायच्या, मग दोरीवर माकडं, मग चेंडूंवरून चालायचं. मैत्रिणींनो, माकडावरून उडी मारताना तुम्ही सगळ्या खुर्चीवरून खरंच उठायच्या.

आणि आमच्यात एकजण होती, तिला सर्कस आवडायची नाही. ती दुसऱ्या बाकावर खिडकीकडे बसायची. कमी बोलायची. मुलांनो, तुम्हाला ती बहुधा आठवणार नाही. तिनं पहिल्या रविवारी कॉन्ट्रा मागितला. तीस जीवांचं कोड मी तिला सांगायला गेले तर म्हणाली, ‘राहू दे. तीन पुरतात.’

कॉन्ट्राची तिसरी स्टेज आठवते? धबधबा. आपण तिला धारेची स्टेज म्हणायचो, आपल्या धारेवरून. तिथं पडदा वर सरकतो आणि जो खाली राहिला तो मरतो. तुम्ही पोरं तिथं काय करायचात ते मी वर्षभर बघितलं आहे. पुढचा उड्या मारत वर जायचा आणि मागचा ओरडत मरायचा. ती तसं करायची नाही. मी तिची जोडीदार, आणि मला खेळता येत नव्हतं. ती वरच्या दगडावर उभी राहायची, आजूबाजूचे टिपत, मी चढेपर्यंत. माझे तिन्ही जीव संपले की जोडीदाराच्या जीवांतला एक उसना घेता येतो. मी दर वेळी घ्यायची. ती एकदाही काही बोलली नाही. माझ्या उसनवारीमुळे दोनदा ती शेवटच्या स्टेजला मेली.

वहीच्या शेवटच्या पानावर आईनं एक छोटी यादी केली आहे. ‘कॉन्ट्रा पुरा केला.’ खाली नावं आणि तारखा. ग्रुपवर स्वतःला चॅम्पियन म्हणवणारे आपले मित्र, ऐकताय ना? तुमची तारीख एप्रिल १९९७ ची आहे, आणि तुम्ही कोड घातलं होतं. तुमच्या वर एक नाव आहे. तारीख जानेवारीतली, रविवार. पुढे आईनं कंसात लिहिलंय, ‘कोड नाही’.

ते नाव तिचं. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. पंधरा पुरी व्हायची होती. जूनमध्ये शाळा उघडली आणि दुसऱ्या बाकावर खिडकीकडे कुणीतरी दुसरं बसलं. आपण कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी आईला इतकंच म्हणाले होते की रविवारी आता माझ्याबरोबर कोण खेळणार.

हा मेळावा ठरला तेव्हा मी यादी मागवली. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, जो तो ते फोटो एकमेकांना पाठवायला लागला आणि त्यातून आपला ग्रुप झाला, तेव्हापासून ही यादी चालत आली आहे. तिच्यात तिचं नाव नव्हतं. संयोजकांना विचारलं तर उत्तर अगदी सरळ मिळालं. यादी १९९८ च्या दहावीच्या निकालपत्रकावरून केली आहे. त्यांची काही चूक नाही, मीही तशीच केली असती. पण मग मी नववीचं हजेरीपत्रक मागितलं आणि ही वही शेजारी ठेवली. निकालपत्रकात नसलेली अकरा नावं निघाली. सात मुली, चार मुलगे. त्यांतल्या तीन मुलांची उधारी अजून बाकी आहे. म्हणजे ते आपल्याच वर्गात होते याला लेखी पुरावा आहे.

अकरापैकी सहांचा पत्ता लागला. एकजण पुण्याला ट्रक चालवतो, रस्त्यावर होता, यायला जमलं नाही. दोघी आज इथं मागच्या रांगेत बसल्या आहेत. मघाशी परिचय करून देताना बॅचचं वर्ष विचारलं तेव्हा त्या उठल्या नाहीत. अगं, उठा ना.

हं. बसा.

माझ्या जोडीदारणीचा नंबर मला तिच्या भावाकडून मिळाला. ती जालन्याकडे असते, शेती आहे, मुलीचं लग्न ठरलंय. मी फोन केला, नाव सांगितलं. ओळख पटायला जरा वेळ लागला. मग मी विचारलं, कोड आठवतं का? पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग ती म्हणाली, ‘वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. पण आपल्याला कुठं लागायचं ते?’ मागून तिच्या मुलीचा आवाज आला, आई, काय म्हणतेस हे? ती म्हणाली, काही नाही, शाळेतलं.

मी तिला आजचं बोलावणं दिलं. ती म्हणाली, ‘मी दहावी नाही ना झाले. लोक काय म्हणतील, ही कशी आली?’ मी म्हटलं, तू सगळ्यांच्या आधी कॉन्ट्रा पुरा केलास, माझ्याकडे लिहिलेलं आहे. ती खूप हसली. येते म्हणाली नाही, नाही येत असंही म्हणाली नाही. आज सकाळी मेसेज आला की भाऊ जालन्याला आला आहे, त्याच्या गाडीत बसले आहे, चारपर्यंत पोहोचेन.

संयोजकांना माझी दोन कामं आहेत. ही अकरा नावं स्मरणिकेच्या शेवटी बॅचच्या यादीत घाला, वेगळ्या रकान्यात नको, अनुक्रमांकानंच. दुसरं काम, जेवणानंतर मला तिसरा वर्ग उघडून हवा आहे. मशीन मी आणलंय, भावानं जपून ठेवलं होतं. काचेचा टीव्ही मेहकर रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे मिळाला, सकाळी लावून बघितला, चित्र येतं. रिमोट दोन आहेत, त्यातल्या एकाचं बी बटण जरा दाबून धरावं लागतं, तो मी घेईन. सर, टँकची कॅसेटपण आहे. आणि चॅम्पियन, तुमचे सहा रुपये अजून यायचे आहेत.